मी रागानं मारलं

"म्हणा, मी रागानं मारलं."

"मी रागानं मारलं."

"असं नाही हो ढवळे! आरती म्हटल्यासारखं म्हणताय. साहेबांना खरं वाटलं पाहिजे."

"बाई, खरं वाटायला आधी ते खरं असावं लागतं."

कोर्टाच्या मागच्या व्हरांड्यात आरोपींना बसवायचा बाक होता, त्यावर मी बसलो होतो. माझ्या डाव्या मनगटात बेडी आणि बेडीची साखळी शेजारी बसलेल्या लोंढे हवालदाराच्या पट्ट्याला. समोर उभ्या होत्या माझ्या वकीलबाई, बोराटे. सरकारनं गरिबाला फुकट दिलेल्या. वयानं माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान, अंगात विटका काळा कोट, पण डोकं लवंगी मिरचीसारखं. मला त्या पहिल्या दिवसापासून आवडल्या होत्या, कारण माझ्याशी बोलताना त्या मोठ्यानं आणि हळूहळू बोलत नसत. बाकी सगळी दुनिया माझ्याशी तशी बोलायची, जसा काही मी बहिरा आहे.

"खरं काय ते मला सांगूच नका," बाई म्हणाल्या. "मला कळलं की मला ते साहेबांपुढं बोलावं लागेल. आणि ते बोलले की तुम्ही मेलात."

माझी भानगड थोडक्यात सांगतो. मी आचारी. लग्नकार्यात जेवणं करायची, हा बापाचा धंदा आणि माझाही. एका लग्नात, चुलाणापाशी, मी बुंदीचा लोखंडी झारा मारून सख्ख्या थोरल्या बहिणीचा, यमुनाक्काचा, उजवा हात मोडला. हाडाचा चुरा झाला. त्याचा खटला. पाच वर्षं होत आली होती आणि खटला अजून सुरूच झाला नव्हता.

का नव्हता? तर पहिल्या तारखेला मी कोर्टातल्या पंख्याशी बोलत बसलो. तेव्हाचे साहेब म्हणाले, याला समोर काय चाललंय ते कळत नाही, आधी इस्पितळात धाडा, बरा झाला की खटला चालवू. मनोरुग्णालयात गोळ्या परत सुरू झाल्या आणि काही महिन्यांत माझं डोकं ताळ्यावर आलं. डॉक्टरांनी लिहिलं, पेशंट बरा आहे. बरा झालो म्हणून माझी रवानगी तुरुंगात. तिथं तारीख लागायची तेव्हा मला न्यायला पोलीस नसायचे. आज निवडणूक, उद्या मंत्र्याचा दौरा, परवा कुठली तरी मिरवणूक. गोळ्या एखाद्या आठवड्यात यायच्या, एखाद्या आठवड्यात नाही. मग हळूहळू माझी झोप उडायची, भिंती बोलायला लागायच्या आणि परत इस्पितळ. बरा झालो की तुरुंग, बिघडलो की इस्पितळ. भाकरी एकदा ही बाजू, एकदा ती बाजू भाजावी आणि ताटात वाढूच नये, तसं चाललं होतं.

या खेपेला मात्र सगळं जमून आलं होतं. गोळ्या पोटात होत्या, पोलीस मिळाला होता, साहेब रजेवर नव्हते. बोराटेबाईंनी घाट घातला होता की आजच निकाल लावायचा.

"परत एकदा समजून घ्या," त्या म्हणाल्या. "वेडाच्या भरात मारलं असं ठरलं, तर तुम्ही निर्दोष."

"मग बरंच आहे की."

"काय बरं आहे? निर्दोष म्हणजे मोकळा नव्हे. धोक्याचा माणूस म्हणून तुम्हाला इस्पितळात ठेवायचा हुकूम होणार. किती दिवस, ते कायद्यात लिहिलेलं नाही. कुणी नातेवाईक उभा राहिला, याला मी सांभाळतो, यानं कुणाला काही केलं तर जबाबदार मी, असं लिहून दिलं, तरच सुटका. आहे कुणी तुमचं?"

आईबाप गेलेले, बायको झालीच नाही. होती ती एक बहीण, आणि हात तिचाच मोडलेला.

"आणि गुन्हा कबूल केलात तर? या कोर्टाला तीन वर्षांच्या वर शिक्षा देताच येत नाही. तुम्ही पाच वर्षं आत काढलीत, ती वजा होणार. आज शिक्षा आणि आजच सुटका. संध्याकाळी एसटीत बसायचं."

"म्हणजे गुन्हेगार घरी आणि निर्दोष आत? भले शाब्बास!"

"कायदा मी नाही केलेला, ढवळे."

लोंढे हवालदार तंबाखू मळता मळता म्हणाला, "मी असतो तर केव्हाच कबूल केलं असतं, बुवा. दोन गुन्हे जादाचे केले असते."

"कारण विचारतील," बाई म्हणाल्या. "का मारलं?"

"लग्न मोडलं म्हणून."

"नीट सांगा."

"अक्कानं माझं ठरलेलं लग्न मोडलं. मुलीकडच्यांना सांगितलं की याचं डोकं मधून मधून फिरतं. त्याचा राग मनात होता."

"बघा, हे कसं छान म्हणालात!"

छान म्हणायला काय, त्यातलं निम्मं खरंच होतं. अक्कानं सांगितलं होतं. मुलीच्या आईला विहिरीवर गाठून सांगितलं होतं, आणि मी आठ दिवस तिच्याशी बोललो नव्हतो. सगळ्या गावाला हे माहीत होतं. पोलिसांनीही तेच लिहिलं होतं. आणि अक्कालाही तसंच वाटतं, असं मी धरून चाललो होतो. नाहीतर पाच वर्षांत ती एकदा तरी भेटायला आली नसती का? जिनं मला कडेवर वागवलं, आई गेल्यावर जिनं स्वतःच्या लग्नातल्या शालूत मला लपवून सासरी नेलं आणि दोन महिने सांभाळलं, ती बाई एकदासुद्धा फिरकली नव्हती. तुरुंगातल्या खाण्याचं, मारहाणीचं मला काही वाटलं नाही. याचं वाटायचं. फार वाटायचं.

त्या दिवशी ती आली होती. साक्षीदार म्हणून समन्स गेलं होतं. व्हरांड्याच्या पार दुसऱ्या टोकाला ती भिंतीला टेकून बसली होती. शेजारी दाजी, म्हणजे तिचे मालक, टोपी मांडीवर घेऊन. अक्का म्हातारी दिसायला लागली होती. उजवा हात पदराखाली होता. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि मी मान खाली घातली.

"तुमच्या बहिणीवर साक्षीची वेळच येऊ द्यायची नाही," बाई हळूच म्हणाल्या. "तुम्ही आधीच कबूल करून मोकळे व्हा. आणि एक. काहीही झालं तरी आवाज चढवायचा नाही. तुम्ही चिडलात की ते लगेच तुमच्या आजाराच्या खाती जातं."

हे मात्र अगदी बरोबर होतं. पाच वर्षांत मला एकदाही साधा राग आलेला नव्हता. आला की लोक डॉक्टरला बोलवायचे.

पुकारा झाला. साहेब उतारवयाचे होते, चेहरा सज्जन, कपाळावर गंधाचा बारीक ठिपका. सज्जन माणसाची मला त्या दिवसापासून धास्तीच बसली आहे. त्यांनी आरोप वाचून दाखवला आणि विचारलं, "अंबादास ढवळे, गुन्हा कबूल आहे?"

"कबूल आहे, साहेब."

"काय कबूल आहे, ते तुमच्या शब्दांत सांगा."

"मी बहिणीला झारा मारला. रागानं मारला."

साहेबांनी चष्मा काढला. "तुम्ही इतकी वर्षं मनोरुग्णालयात उपचार घेताय. तुम्हाला म्हणायचंय, त्या वेळी तुम्ही शुद्धीवर होता?"

"पूर्ण शुद्धीवर, साहेब."

"राग कशाचा?"

मी लग्न मोडल्याचं सांगितलं. बरं सांगितलं. बोराटेबाईंची मान हललेली मला डोळ्याच्या कडेनं दिसली.

"किती वेळा मारलं?"

"एकदा."

"कुठं?"

"हातावर."

"एवढा राग होता, हातात एवढा वजनदार झारा होता, डोकं समोर होतं, आणि तुम्ही हातावर मारलं. तेही एकदाच?"

"तेवढ्यात राग गेला, साहेब."

कोर्टात कुणीतरी खुसखुसलं. साहेब हसले नाहीत. "ढवळे, कबूल करायची एवढी घाई कशासाठी? तुम्हाला कुणी भरीला घातलंय का? आजारी माणसाला गुन्हेगार ठरवायची कोर्टाला हौस नाही."

काय सांगणार होतो? साहेब, दया नको, शिक्षा द्या, असं म्हणालो असतो तर तेही वेडच ठरलं असतं.

"कुणी भरीला घातलं नाही," मी म्हणालो. "मला बहिणीचा राग होता. तिचा हात तुटावा असंच माझ्या मनात होतं."

"खोटं बोलतोय त्यो!"

मागच्या बाकावरून अक्का उठली होती. दाजी तिचा पदर ओढत होते आणि ती त्यांना जुमानत नव्हती.

"बाई, खाली बसा, तुमची पाळी आल्यावर बोला," कारकून म्हणाला.

"माझी पाळी पाच वर्सं झाली आली न्हाई! साहेब, ह्यो खोटं बोलतोय. ह्यानं रागानं न्हाई मारलं."

"अक्का, गप बस!" मी ओरडलो.

झालं. लोंढेनं साखळी आवळली, कारकून खुर्ची मागं सारून उभा राहिला, आणि साहेब माझ्याकडं बघायला लागले, त्या ओळखीच्या नजरेनं. मला वाटलं, अरे देवा, आता हळूहळू आणि मोठ्यानं बोलतील. आणि तसंच झालं.

"शांत व्हा, ढवळे. बसा. पाणी हवंय?"

बोराटेबाईंनी हरकत घेतली, पण साहेबांनी कबुली बाजूला ठेवली आणि अक्काला साक्षीला उभं केलं. तिनं डाव्या हातानं कठड्याचा आधार घेतला. देवाची शपथ झाली.

"पोलिसांना तुम्ही सांगितलंय की भावानं रागानं मारलं."

"मी कुठं सांगितलं? मी दवाखान्यात गुंगीत होते. मालकांनी सांगितलं, मी डाव्या हाताचा अंगठा दिला."

"मग इतकी वर्षं बोलला का नाहीत?"

"इचारलं कुणी?" अक्का म्हणाली.

मग तिनं सांगायला घेतलं आणि मी कठड्यात मान खाली घालून ऐकत राहिलो.

"साहेब, आमच्या घराण्यात आचारी चाखत न्हाई. पंगत बसायच्या आधी त्याच्या जिभेला अन्न लागलं तर उष्टं हुतं. वासावरनं सगळं कळतं त्याला, पर मिठाला वास न्हाई. म्हनून मीठ बघायला दुसरं मानूस लागतं. माझ्या बापाचं मीठ आई बघायची. ह्याचं मी बघते, ह्यो एवढासा हुता तवापासनं. ह्यो हाक मारतो, अक्का, मीठ बघ. मी तळहात फुडं करायचा, ह्यो दोन थेंब टाकनार, मी चाटून सांगनार. त्या दिवशी बी आठ दिसांचा अबोला सोडून ह्यानंच हाक मारली. मला इतकं बरं वाटलं, साहेब. मी पळत गेले. ह्यानं आमटीचे थेंब टाकले. मी हात तोंडाकडं नेला आन् ह्याचं तोंड पांढरं पडलं. झारा हानला हातावर आन् वरडला, थुंक अक्का, थुंक, इख हाय त्यात! मी खाली पडले तरी ह्यो माझ्या तोंडात बोटं घालून थुंक थुंक म्हनत हुता, रडत हुता. मारनारा मानूस असं करतो का?"

मला वाटत होतं, हे फक्त मलाच माहीत आहे. रात्रीच्या रात्री जागून काढल्या होत्या मी त्या लग्नाआधी. माझं स्वतःचं लग्न ठरतंय म्हटल्यावर गोळ्या बंद केल्या होत्या, मुलीकडच्यांच्या नजरेला पडू नयेत म्हणून. चुलाणामागून आवाज आला होता की आमटीत विष आहे. आधी चुलाणामागून, मग थेट हंड्यातून. तोवर थेंब अक्काच्या तळहातावर पडलेले. मी तिला मारलं नाही. मी तिचा हात तिच्या तोंडापासून उडवला. विष आहे हे मी ओरडून सांगितलं होतं की नुसतं मनात, ते मलाही नक्की आठवत नव्हतं, आणि पाच वर्षं मी स्वतःलाच विचारत होतो की मनाच्या तळाशी खरंच राग तर नव्हता ना. अक्काला सगळं माहीत होतं. मी हमसून हमसून रडलो, बेडीच्या हातानंच नाक पुसलं. सांगतो, आयुष्यात इतका आनंद मला कधी झाला नाही.

आणि रडताना मला हेही कळत होतं की माझी एसटी गेली.

पुढच्या तारखेला निकाल लागला. डॉक्टरांचं म्हणणं, अक्काचं म्हणणं, सगळं जुळलं होतं. आरोपीनं कृत्य केलं, पण ते काय करतोय हे समजण्याच्या अवस्थेत तो नव्हता, सबब निर्दोष. साहेबांनी हे फार प्रेमानं वाचलं. मग कागद खाली ठेवून त्यांनी अक्काला पुढं बोलावलं.

"बाई, तुमच्या भावाला घरी न्यायचं तर हमी द्यावी लागेल. त्याची काळजी घ्यायची, औषध द्यायचं, त्यानं कुणाला इजा करू नये म्हणून लक्ष ठेवायचं. तुम्ही द्याल?"

अक्कानं दाजींकडं पाहिलं. दाजी खिडकीबाहेर बघत होते. मग तिनं माझ्याकडं पाहिलं. माझे डोळे काय म्हणत असतील ते तिला कळलं असणार.

"साहेब, सून पोटुशी हाय. एक नातू रांगतोय घरात."

"म्हणजे नेणार की नाही?"

"माझा भाऊ हाय त्यो. त्याच्या मनात पाप न्हाई, हे मी देवापुढं सांगितलं." तिनं पदराखालचा हात आणखी आत ओढला. "पर मला भ्या वाटतं, साहेब. मला लई भ्या वाटतं."

असं वाटलं की ओरडावं, मग तोंड कशाला उघडलंस भवाने? मी गुन्हेगार होऊन सुटत होतो, सुटू द्यायचं होतंस! जीभ टाळूला लावून मी गप्प उभा राहिलो. ओरडलो असतो तर तिचं भ्या खरं ठरलं असतं. साहेबांनी हुकूम लिहिला, नातेवाईक हमी देईपर्यंत इस्पितळात ठेवावे. बोराटेबाई फायली गोळा करत होत्या. मला म्हणाल्या, "मी वर अर्ज करीन, ढवळे. करत राहीन." त्यांनी केलेही बरेच, पण प्रत्येक अर्जाला उत्तर एकच यायचं की नातेवाईक कोण आहे ते सांगा.

लोंढेनं मला व्हरांड्यातल्या त्याच बाकावर बसवलं. गाडी यायची होती. अक्का आली, डाव्या हातात डबा घेऊन. दाजी चार पावलं मागं.

"ह्याला आमटी आणलीय," ती लोंढेला म्हणाली. "देऊ का?"

"बाहेरचं खाणं आहे. आणणाऱ्यानं आधी चाखायचं, मग आरोपीला. नियम आहे, बाई." मग त्याला आठवलं असावं की मी आता आरोपी नाही. "म्हणजे पेशंटला," तो म्हणाला.

अक्का माझ्यासमोर बसली. तिनं डब्याचं झाकण काढलं आणि आतला चमचा माझ्या हातात दिला.

मी आजही या इस्पितळातच आहे. इथल्या भटारखान्यात दोन्ही वेळचा स्वयंपाक मी करतो, रोज कुणाला ना कुणाला मीठ बघायला लावतो, आणि कागदोपत्री मी निर्दोष माणूस आहे. दाजी गेले, तो नातू म्हणे कॉलेजात जातो. अक्का वर्षातून एकदा यायची, जाळीच्या पलीकडं बसून रडायची आणि जायची. दोन वर्षांपासून तिचं येणं बंद झालंय. ती आहे की नाही, मला कुणी कळवलेलं नाही. हमीचं मी तिला परत कधी विचारलं नाही. भ्या वाटणं हा काही गुन्हा नाही, आणि ते खोटंही नव्हतं. तिच्यावर चिडायचं ठरवलं की मला तो व्हरांडा आठवतो.

तिनं पदराखालचा उजवा हात बाहेर काढला. पाच वर्षांत पहिल्यांदाच मी तो बघत होतो. मनगट एका बाजूला वळलेलं, बोटं उघडत नव्हती, त्यामुळं तळव्याला आपोआप खळगा पडला होता. तो हात तिनं माझ्यापुढं धरला.

"अगं, काय करतेस!" दाजी पुढं आले. लोंढेनं साखळी हाताला गुंडाळून घट्ट धरली.

"थांबा तुम्ही," अक्का त्यांच्याकडं न बघता म्हणाली. तिनं हात मागं घेतला नाही. "टाक, अंबा."

मी दोन थेंब टाकले. एक थेंब तिच्या लुगड्यावर सांडला. तिनं तळवा तोंडाकडं नेला, माझ्याकडं बघत बघत चाटला, आणि गिळला.

"मीठ?" मी विचारलं.

"चिमूट कमी," ती म्हणाली.